बंदूक घरात, किल्ली कुणाकडे? : वाचकांचे प्रश्न

मिशिगनमध्ये बंदूक कुलपात ठेवण्याचा जो कायदा झाला, त्यावर मागच्या अंकात मी लिहिलं आणि पत्रं येत राहिली. बरीच पत्रं बंदूक बाळगणाऱ्यांची आहेत आणि काही चांगलीच तापलेली आहेत. मी स्वतः हरणाच्या शिकारीला जाते, घरात दोन रायफली आणि एक पिस्तूल आहे, आणि नव्या शिकाऱ्यांच्या सुरक्षा वर्गात शिकवते. त्यामुळे हा राग मी दर वर्षी शिकारीचा मोसम जवळ आला की समोरासमोर ऐकते. त्यात तथ्य कुठे आहे आणि कुठे नाही, हे पत्रं घेऊनच बोलू या.

प्रश्न : २०२० मध्ये सगळीकडे अनिश्चितता होती तेव्हा पिस्तूल घेतलं. कागदपत्रं चोख आहेत, नेमबाजीच्या रेंजवर नियमित जातो. आता सरकार म्हणतं कुलपात ठेवा. रात्री दोन वाजता कुणी दार फोडलं, तर किल्ली शोधत बसू का? माझ्या घरात माझी वस्तू मी कुठे ठेवायची, हे राज्याच्या राजधानीत, लान्सिंगमध्ये, बसलेल्यांनी का सांगावं?
– एक वाचक, स्टर्लिंग हाइट्स

उत्तर : आधी कायदा नेमका काय म्हणतो ते पाहू, कारण वर्गात मला भेटणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्याचा मथळाच वाचलेला असतो. १३ फेब्रुवारी २०२४ पासून तो लागू आहे. घरात अठरा वर्षांखालचं मूल असेल किंवा येण्याची शक्यता असेल, आणि बंदूक तुमच्या नजरेआड पडून असेल, तर ती रिकामी करून तिला कुलूप लावायचं किंवा कुलूपबंद पेटीत ठेवायची. पिस्तूल तुमच्या कमरेला असेल तर ते 'पडून' नाही. मूल वडिलांच्या देखरेखीखाली शिकारीला किंवा नेमबाजीला गेलं, तरी कायदा आड येत नाही. मात्र नजरेआड पडलेली बंदूक मुलाच्या हाती लागली आणि त्याने ती चारचौघांत बेफिकीरपणे दाखवली, तर ९३ दिवसांपर्यंत कैद होऊ शकते. कुणाचा जीव गेला, तर १५ वर्षांपर्यंत.

'आमच्या घरी मुलंच नाहीत' असंही काहींनी कळवलं आहे. आपल्या घरांबद्दल हे कितपत खरं आहे? सत्यनारायण असतो, भिशी असते, गणपतीचे दीड दिवस असतात. मोठी माणसं खाली बेसमेंटमध्ये आरत्या म्हणत असतात, तेव्हा आठ-दहा पोरं वरच्या मजल्यावर लपाछपी खेळत असतात, आणि लपायला बेडरूमच्या कपाटाइतकी चांगली जागा नसते.

रात्री दोनचा प्रश्न रास्त आहे. तो हसण्यावारी नेणाऱ्या अधिकाऱ्यांमुळेच बंदूकवाले पुढचं काही ऐकून घेत नाहीत, असं माझं मत आहे. त्याला उत्तर आहे. पलंगाशेजारी बोल्टने पक्की बसवलेली, चार-पाच बटणांची छोटी सेफ. किल्ली शोधायची नाही, दिवा लावायचा नाही. बोटांना क्रम पाठ झाला की अंधारात काही सेकंदांत उघडते. मात्र तो क्रम पाठ करावा लागतो. रेंजवर जितकी तालीम करता, तितकीच या झाकणाची करा. बोटाच्या ठशावर उघडणारी घेणार असाल तर एक गोष्ट तपासा. ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा सुमारे ६१,००० सेफ अमेरिकेत बाजारातून परत मागवल्या गेल्या, कारण मालकाचा ठसा नीट नोंदला जाईपर्यंत त्या कुणाच्याही बोटाने उघडत होत्या. त्यातल्या एका सेफमधल्या बंदुकीने बारा वर्षांचा मुलगा गेला होता. तेव्हा सेफ आणली की घरातल्या प्रत्येकाचं बोट लावून बघा. मग शेजाऱ्याचंही.

आता 'लान्सिंगने का सांगावं'. हा संशय वाऱ्यावरचा नाही. वॉशिंग्टन डी.सी.चा जुना नियम असा होता, की घरातली बंदूक रिकामी करून सुटी करा किंवा तिच्या चापाला कुलूप लावा. स्वसंरक्षणासाठी सूट नाही. २००८ मध्ये हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि ते योग्यच झालं. पण त्याच निकालात न्यायालयाने असंही म्हटलं, की अपघात टाळण्यासाठी बंदुका कशा ठेवाव्यात याचे कायदे आमच्या या युक्तिवादाने बाद ठरत नाहीत. मिशिगनचा कायदा या दुसऱ्या प्रकारात बसतो, असं मला वाटतं.

माझे वडील सातारकडचे, फौजेत होते. ते सांगायचे, पलटणीत रायफल जवानाच्या उशाशी नसते, ती कोतात, म्हणजे शस्त्रं ठेवायच्या कुलूपबंद खोलीत, असते. नंबर सांगायचा, सही करायची, घ्यायची. परत देताना पुन्हा तपासणी. ज्याला ती रोज लागते त्यालाच ही शिस्त, आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. रजेवर घरी आले तरी गावातल्या चुलत्यांच्या बंदुकीची काडतुसं ते स्वतः वेगळ्या ट्रंकेत टाकायचे. त्या काळी तिथे कुठलाच सरकारी माणूस सांगायला आलेला नव्हता.

आणि हा कायदा उगाच आलेला नाही. ३० नोव्हेंबर २०२१ ला इथल्याच, मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना मारलं. पिस्तूल वडिलांनी चारच दिवस आधी विकत घेतलं होतं. त्या वेळी कुलपाचा कायदा नव्हता, तरीही २०२४ मध्ये आई आणि वडील दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. तुमच्या घरापासून ऑक्सफर्ड गाडीने तासाभराच्या आत आहे. आणि कायदा लागू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी फ्लिंटमध्ये दोन वर्षांच्या मुलीच्या हाती घरातलं पिस्तूल लागलं आणि तिने स्वतःला गोळी मारून घेतली.

प्रश्न : मुलगा सहावीत आहे. वर्गातल्या मित्राने रात्री राहायला बोलावलंय. त्याचे बाबा शिकार करतात हे फोटोंवरून कळलं. बंदुका कुलपात आहेत का, हे विचारावंसं वाटतं, पण समोरच्यांना राग येईल म्हणून जीभ रेटत नाही. नवरा म्हणतो, असं विचारणं म्हणजे त्यांच्यावर शंका घेणं.
– एक आई, नोव्हाय

उत्तर : विचारा. मला हा प्रश्न अनेकांनी विचारला आहे, एकदाही वाईट वाटलं नाही. उलट ज्या आईने विचारलं, तिच्या घरी माझी मुलगी मी निर्धास्तपणे पाठवली.

फक्त विचारण्याची रीत असते. 'तुमच्याकडे बंदूक आहे का?' हा प्रश्न इथल्या शिकाऱ्याला चौकशीसारखा वाटतो; त्यामागून उपदेश येणार, अशी त्याची सवयीने खात्री असते. त्याऐवजी शेंगदाण्याची ॲलर्जी, कुत्रा, स्विमिंग पूल यांच्या रांगेतच हे ठेवा : 'त्याला शेंगदाणे चालत नाहीत, पोहायला अजून कच्चा आहे, आणि घरात बंदुका असतील तर त्या कुलपात असतात ना? आम्ही सगळ्यांकडेच विचारतो.' खरोखर सगळ्यांकडे विचारा, देशी घरांमध्येसुद्धा. देशी घरांत बंदूक नसते हे आता गृहीत धरता येत नाही; पहिलं पत्र त्याचाच पुरावा आहे.

चांगला शिकारी बहुधा तुम्हाला थेट कपाटच नेऊन दाखवेल. 'आमचा मुलगा हात लावणार नाही, त्याला माहीत आहे' एवढंच उत्तर आलं, तर मुलांना तुमच्या घरी बोलवा. हे मी ठामपणे सांगते, कारण 'त्याला माहीत आहे' हे वाक्य मी वर्गात सर्वांत जास्त ऐकते आणि त्यावर माझा सर्वांत कमी विश्वास आहे. २००६ मध्ये अलाबामातल्या एका पाहणीत आईवडिलांना आणि मुलांना वेगवेगळं बसवून विचारलं होतं. बंदूक कुठे असते हे मुलाला माहीत नाही, असं सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्के पालकांची मुलं म्हणाली, जागा माहीत आहे. मुलाने कधीच हाताळलेली नाही असं म्हणणाऱ्यांपैकी २२ टक्के घरांत मुलं म्हणाली, हाताळलीय.

आणखी एक व्यवहाराचं. बंदुकीने हरणाच्या शिकारीचा मोसम १५ नोव्हेंबरला उघडतो. उत्तरेकडे काही शाळा त्या दिवशी चक्क बंद असतात. त्या आठवड्यात एरवी कपाटात असलेल्या रायफली गॅरेजमध्ये, ट्रकच्या मागच्या सीटवर, बुटांच्या शेजारी येतात. साफ करायला काढलेली असते, जेवणाची हाक येते, ती तशीच राहते. मुलाचं राहायला जाणं त्या पंधरवड्यात असेल तर पुन्हा एकदा विचारायला संकोच करू नका.

प्रश्न : पोलीस ठाण्यात केबल लॉक फुकट मिळतं म्हणे. पण घेतलं की सरकारकडे माझं नाव लागेल का? आणि ते लावायचं कसं?
– कॅन्टन

उत्तर : नावाच्या यादीची धास्ती मी इतक्यांच्या तोंडून ऐकते, की फुकटची कुलपं धूळ खात पडण्याचं मोठं कारण तेच असावं. बंदूकमालकांची देशव्यापी यादी करायला १९८६ च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. शिवाय पोलिसांकडून मिळणारी बरीच कुलपं सरकारची नसतातच. 'प्रोजेक्ट चाइल्डसेफ' हा बंदूक उद्योगाच्याच संघटनेचा उपक्रम आहे आणि तो १९९९ पासून चालू आहे. तरीही मन घेत नसेल तर दुकानातून रोखीने विकत घ्या, महाग नसतं. आणि आधी पिस्तुलाचा मूळ डबा शोधा. २००५ च्या केंद्रीय कायद्यानंतर परवानाधारक दुकानदाराला पिस्तुलाबरोबर कुलूप किंवा तसंच सुरक्षेचं साधन द्यावंच लागतं. बऱ्याच जणांचं ते न फोडलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तिथेच पडलेलं असतं.

लावायचं असं. नळी सुरक्षित दिशेला. मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) काढा आणि दुसऱ्या खोलीत ठेवा. स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून अडकवा. चेंबर (नळीच्या मागची गोळी बसण्याची जागा) डोळ्यांनी बघा, मग करंगळी घालून चाचपा. मॅगझिन काढल्यावरही एक गोळी आत राहू शकते, आणि घरातले कितीतरी अपघात त्या एका गोळीचे असतात. आता वरच्या खिडकीतून, जिथून रिकामं काडतूस उडतं तिथून, केबल आत सारा आणि खाली मुठीतून, मॅगझिनच्या जागेतून, बाहेर काढा. कुलूप लावा. केबल आत असेपर्यंत स्लाइड पुढे जाऊ शकत नाही, म्हणजे पिस्तूल उडू शकत नाही. गोळ्या वेगळ्या कुलपात. आणि चापावर बसवायचं कुलूप भरलेल्या बंदुकीला कधीही लावू नका. लावतानाच चाप दाबला जाऊ शकतो.

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेत आलो असताना तुमचा अंक वाचला. आमच्याकडे सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक आहे, रानडुकरांसाठी. निवडणूक आली की ठाण्यात जमा करा म्हणतात. परत मिळते तेव्हा नळीला गंज चढलेला असतो. सरकारला बंदूक सांभाळायची एवढी काळजी, तर आमची का सांभाळत नाही?
– एक बागायतदार

उत्तर : तुमचा राग मला पटतो. सुरक्षित ठेवा म्हणणाऱ्याने स्वतःकडे आलेली वस्तू नीट ठेवलीच पाहिजे, नाहीतर पुढच्या खेपेला त्याचं कोण ऐकणार? पण सरसकट सगळ्यांनी जमा करायची, हे २००९ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने अमान्य केलं आहे. त्यानंतर निवडणूक आयोगाच्या सूचनेनुसार जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्या छाननी समितीने परवाने एकेक तपासायचे असतात. रोख असतो तो जामिनावर सुटलेल्या, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेल्या किंवा दंगलीत नाव आलेल्या परवानाधारकांवर. तेव्हा समितीकडे लेखी अर्ज करा, पिकाचं कारण लिहा, पोच घ्या. जमा करावीच लागली तर पावतीवर बंदुकीची अवस्था नोंदवून घ्या, नळीत तेलाचा बोळा फिरवून द्या आणि फोटो काढून ठेवा. घरी असते तेव्हा मात्र माळ्यावर उघडी नको. दारू आणि छर्रे एकीकडे, बंदूक दुसरीकडे, दोन्हीला कुलूप.

प्रश्न : एकोणीस वर्षांचा मुलगा कॉलेज सोडून घरी परतलाय. बोलत नाही, जेवत नाही. नवऱ्याच्या बंदुका कुलपात आहेत, पण सेफचा नंबर मुलाला माहीत आहे. नंबर बदलला तर त्याला आपल्यावर विश्वास नाही असं वाटेल, असं नवऱ्याचं म्हणणं.
– (नाव-गाव देत नाही)

उत्तर : ताई, आज नंबर बदला. मुलगा अठरा ओलांडलेला आहे, त्यामुळे मिशिगनचा कायदा तुम्हाला काही सांगत नाही. मी सांगते. आणि नंबर बदलण्यापेक्षाही बंदुका काही महिने घराबाहेर गेलेल्या बऱ्या. काही दुकानं आणि रेंज ठेवून घेतात. पिस्तूल दुसऱ्याच्या ताब्यात देताना कागदपत्रं काय लागतात ते त्यांना किंवा पोलिसांना आधी विचारा.

अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. हा आकडा मी वर्गात सांगते तेव्हा जुने शिकारी गप्प होतात, कारण त्यांच्यापैकी बहुतेकांना त्यातलं कुणीतरी आठवतं. टोकाचा क्षण बहुधा थोड्या वेळाचा असतो. त्या वेळात हाताशी बंदूक नसली, तर माणूस वाचण्याची शक्यता खूप वाढते, आणि एकदा त्यातून वाचलेली बहुतेक माणसं पुढेही त्या वाटेने जात नाहीत. न्यू हॅम्पशायरमध्ये २००९ साली एका दुकानातून आठवडाभराच्या आत तिघांनी बंदुका घेतल्या आणि काही तासांतच आपलं आयुष्य संपवलं. तो दुकानदार हादरून गेला. पुढे तिथल्या दुकानदारांनी सार्वजनिक आरोग्यातल्या लोकांबरोबर बसून, खचलेलं गिऱ्हाईक कसं ओळखावं आणि त्याला विक्री कशी नाकारावी, याच्या सूचना तयार केल्या. हे लोक बंदुकीच्या विरोधात नव्हते, त्यांचा तो धंदाच होता. तुमच्या यजमानांना हे नक्की सांगा.

मुलापासून लपवू नका. 'तू सध्या ज्यातून जातोयस, त्यात या घरात बंदूक नको असं आम्हाला वाटतं, कारण तू आम्हाला हवा आहेस', असं सरळ म्हणा. जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. ९८८ या नंबरवर दिवसरात्र माणूस बोलायला असतो, तुम्हीसुद्धा फोन करू शकता. आणि डॉक्टरांकडे या आठवड्यात जा. मला पुन्हा लिहा, पत्र छापणार नाही.

प्रश्न : आमच्या मंडळाला दिवाळीच्या कार्यक्रमात 'घरातली बंदूक आणि मुलं' असा छोटा कार्यक्रम ठेवायचा आहे. आरोग्य खात्यातल्या एका बाईंना बोलवायचं ठरतंय. पण बंदूक असलेली मंडळी येणारच नाहीत, असं काही सभासद म्हणतात.
– एक कार्यकर्ती

उत्तर : सभासद बरोबर बोलताहेत. २०१६ मध्ये देशभरातल्या बंदूकमालकांची एक मोठी पाहणी झाली होती. सगळ्या बंदुका सुरक्षित ठेवतो असं म्हणणारे ४६ टक्केच निघाले. याबद्दल कुणाचं ऐकाल, असं विचारल्यावर पोलीस, सैनिक, शिकाऱ्यांच्या संघटना ही नावं वर आली. डॉक्टर पार खाली. आरोग्य खात्याच्या बाई चांगल्याच असतील, त्यांना जरूर बोलवा, पण पहिल्यांदा माइक त्यांच्या हाती देऊ नका. मंडळातच कुणी निवृत्त फौजी असेल, कुणाचा जावई पोलिसात असेल, त्याला बोलू द्या. आणि कार्यक्रमाचं नाव बदला. 'घरातली बंदूक आणि मुलं' ऐकलं की दोष कुणाला देणार ते मालकाला कळतंच.

दुसरं, नुसतं सांगू नका, हातात द्या. अलास्काच्या नैऋत्य भागातल्या गावांमध्ये संशोधकांनी तिथल्या आदिवासी आरोग्य संस्थांबरोबर एक प्रयोग केला. तिथे शिकार म्हणजे रोजचं अन्न. बंदूक सोडा असं म्हणायची सोयच नव्हती. जवळजवळ प्रत्येक घरात बंदुका उघड्या होत्या. त्यांनी व्याख्यान दिलं नाही, लोखंडी कपाटं नेऊन घरात बसवून दिली. वर्षभराने कपाट मिळालेल्या ३५ टक्के घरांत उघडी बंदूक आढळली; ज्यांना अजून कपाट मिळालं नव्हतं त्यांच्यात ८९ टक्के. सरकारने पैसा कुठे घालावा, हे कुणी मला विचारलं, तर मी याच प्रयोगाकडे बोट दाखवीन. मिशिगनने सुरक्षेच्या साधनांवरचा विक्रीकर काही काळ माफ केला होता, तेव्हा माझ्या ओळखीचे कायद्याला शिव्या घालणारेच दोघं-तिघं सेफ घेऊन आले.

तेव्हा फराळाच्या टेबलाशेजारी एक टेबल मांडा. कुलपं ठेवा, एक-दोन सेफ ठेवा, लोकांना बटणं दाबून बघू द्या. खरी बंदूक आणू नका, सरावाचं निळं प्लॅस्टिकचं पिस्तूल पुरतं. नाव लिहून घ्यायची वही ठेवू नका. निळं पिस्तूल आणि केबलची खोकी मी घेऊन येईन. तारीख तेवढी १५ नोव्हेंबरच्या आधीची धरा, नंतर मी रानात असते.